पेटीतल्या दुर्वा आणि ठाण्याला गेलेला पाट

डोंबिवली (पूर्व)
गणपतीच्या आधीचा रविवार

चि. सौ. निशा हिला दादाचे अनेक आशीर्वाद. सुश्रुतरावांना नमस्कार, नीलला एक हलकी चापट (कशाबद्दल ते त्याला ठाऊक असेल, नसेल तर ॲडव्हान्स समज). तुझा गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो का, सुश्रुतरावांचं रक्तदाब मोजायचं यंत्र त्यांच्यापेक्षा जास्त दमतं का, हे सविस्तर कळव. इकडे सर्व ठीक आहे. (हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ते कितपत खरं आहे याचा विचार आपण पुढे करू.)

प्रथम तक्रार. वैशाखात नीलच्या मुंजीसाठी तू आमच्याकडून जो सागवानी पाट नेलास, तो, बटू ब्रह्मचर्याश्रम आटोपून मोबाईलाश्रमात कायमचा स्थिरावला तरी, परत आलेला नाही. पाट साधा आहे हे मान्य. त्याचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली पुठ्ठ्याची घडी लावावी लागते, हेही मान्य. पण आमच्या हेराने (म्हणजे आईने, व्हिडिओ कॉलवर) स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय की सुश्रुतराव त्या पाटावर पाय पसरून क्रिकेट बघतात. पाटावर पाय ठेवणं शास्त्रात कुठे निषिद्ध आहे ते मी शोधतो आहे. नाहीच सापडलं तर एक अनुष्टुभ मी स्वतः रचीन, माझं व्याकरण अजून शाबूत आहे. (आई त्याच पाटावर चक्क उभी राहायची, असं तू म्हणशील. राहायची. पण देवासाठी.)

एका पाटासाठी दादाने पत्र लिहावं, तेही ठाण्याला, जिथे फोन लागतो आणि रिक्षासुद्धा जाते, याचं तुला हसू येईल. फोन करता येत नाही याचं कारण असं की आई शेजारी बसलेली असते. तिचे डोळे अधू झाले, गुडघे गेले, पण कान मात्र देवाने मुद्दाम राखून ठेवल्यासारखे ठेवले आहेत. मी गॅलरीत जाऊन कुजबुजलो तरी आतून विचारणा होते, ‘कोणाला सांगतोयस रे माझं?’ व्हॉट्सॲपवर लिहावं तर तू अर्ध्या तासात आईला फोन करून सगळं वाचून दाखवतेस. तेव्हा हे पत्र बेसनाच्या लाडवांच्या डब्यात, लाडवांच्या खाली घालून पाठवतो आहे. लाडू सुश्रुतराव खातील आणि पत्र तुझ्या हाती लागेल, अशी आशा आहे.

आता पाटाचं महत्त्व. आपल्या दारामागच्या पॅसेजमध्ये देवघराच्या बाजूला भिंतीत जो एमसीबीचा बॉक्स आहे, म्हणजे मीटरकडून वीज घरात येते आणि तिथून खोल्याखोल्यांत वाटली जाते ती पत्र्याची पेटी (आई तिला ‘पेटी’च म्हणते, आणि आता मीही), ती तुला आठवत असेल. लहानपणी तुझा हात तिथे पोचू नये म्हणून बाबांनी ती उंच बसवून घेतली होती. तू वाढलीस, आई नाही वाढली. त्या पेटीत लहान स्विचांची एक रांग असते: पंख्याचा, फ्रिजचा, गिझरचा. मागच्या पावसाळ्यात गिझरचा स्विच वारंवार पडायला लागला म्हणून मी काळुरामला बोलावलं. काळुराम भोईर म्हणजे आपल्या गल्लीच्या टोकाला ज्यांची शेतं होती आणि आता ज्यांच्या इमारती आहेत त्या भोईरांपैकी. घरी काही कमी नाही, पण वायरिंग हा त्याचा छंद आहे. पन्नास रुपयांचा फ्यूज बदलायला तो जी गाडी घेऊन येतो ती आपल्या गल्लीत वळत नाही. त्याने गिझरसाठी बाहेर वेगळा मोठा स्विच बसवला आणि पेटीतले दोन काढून टाकले. रांगेत दोन दात पडावेत तशी फट राहिली. मी विचारलं तर म्हणाला, ‘तिथं डमी लागते मास्तर, प्लास्टिकची. दुकानात भेटली की लावतो, तुमी टेन्शन घेव नका.’ मी टेन्शन घेतलं नाही. सांगितलेलं काम तत्परतेने करण्याची माझी ही एकच सवय.

मग दसरा आला. खंडेनवमीला आई दरवर्षी घरातल्या समस्त आयुधांची पूजा करते. मिक्सर, इस्त्री, शिवणयंत्र, विळी, माझं लाल पेन (ज्याने मी नववीच्या मुलांची शब्दरूपं कापतो), सगळ्यांना हळदकुंकू आणि एकेक फूल. गेल्या वर्षी तिच्या मनात आलं की या सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या पेटीला आपण कधीच विचारलं नाही. पाट मांडून ती चढली, पेटीच्या दाराला कुंकवाची बोटं लावली आणि फूल कुठे ठेवावं म्हणून पाहते तर समोर ही आयती फट! जणू फुलासाठीच ठेवलेली. झेंडू बरोबर आत बसला.

इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते त्याच आठवड्यात. संध्याकाळी आपल्या इमारतीचा एक फेज गेला. तीनांपैकी एक फेज गेला की त्याच्यावरची घरं अंधारात जातात आणि बाकीची लखलखत राहतात, हे तुझ्या-माझ्यासारख्या पापी माणसांना ठाऊक आहे. समोरचे गेले, वरचे गेले, आपल्याकडे पंखासुद्धा मंदावला नाही. आईने एकदा समोरच्या अंधाराकडे पाहिलं, एकदा पेटीतल्या झेंडूकडे, आणि हात जोडले. मी तिला तीन फेजचं तत्त्व सत्त्व, रज आणि तम यांच्या आधाराने समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, ‘म्हणजे आपल्याकडे सत्त्व आलंय, तेच म्हणतेय मी.’ दुसऱ्या दिवसापासून पेटीची रोजची पूजा सुरू झाली.

एके दिवशी शाळेतून आलो तर पेटीतून धूर. आम्ही तर्कशास्त्रात आयुष्यभर डोंगर पाहत आलो: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी असणार. पुस्तकात हे अनुमान फार शांतपणे करतात. पॅसेजमध्ये मी ते दप्तर फेकून, चपलेसकट, ‘आई!’ असं ओरडत केलं. धूर उदबत्तीचा होता. फटीत एक काडी खोचलेली, राख खाली सुबक पडत होती. मी उदबत्तीला कायमची बंदी घातली आणि आईने ती ताबडतोब मान्य केली. (आई ताबडतोब मान्य करते तेव्हा काय समजायचं, हे तू मला शिकवायची गरज नाही. मी तेव्हा विसरलो.) दुसऱ्या दिवसापासून उदबत्तीच्या जागी फुलवाल्या आवडाबाईकडच्या दुर्वांची जुडी आली, ओली, ताजी, निथळती. धूर नाही म्हणजे अग्नी नाही, असं मी ठरवलं. हे अनुमान उलट्या बाजूने चालत नाही, हे मीच दरवर्षी वर्गात सांगतो.

याच सुमारास आईच्या बोटांना झिणझिण्या यायला लागल्या. तुला तिने सांगितलंच असेल. नसेल तर सांगितलं नाही म्हणून रागावू नकोस, मलाही तिने डॉक्टरसमोरच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळे नसा दमतात, बऱ्याच जणांना होतं, आधी झिणझिण्या येतात, पुढे बधिरपणा येऊ शकतो, गोळ्या घ्या, चाला, साखर सांभाळा. आईने गोळ्या घेतल्या, चालणं माझ्यावर सोडलं. झिणझिण्या सकाळीच जास्त येतात, असं ती सांगायची. डॉक्टरांनी ‘सकाळी’ असं लिहून घेतलं. सकाळी नक्की केव्हा आणि कुठे, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मग वैशाखात तू पाट नेलास.

आई आता पेटीपर्यंत पोचायला स्वयंपाकघरातलं स्टीलचं स्टूल घ्यायला लागली आणि झिणझिण्या वाढल्या. दंडापर्यंत येतात म्हणे. ‘पाट गेल्यापासून देव रागावलाय,’ असं तिचं निदान. ‘पाटात पुण्याई होती.’ मी हसलो. मी हसतो तेव्हा आई माझ्या ताटात भाजी कमी वाढते. कित्येक आठवडे मी अर्धपोटी हसत होतो.

आषाढातल्या एका मंगळवारी अंघोळ करून ओल्या पायांनी बाहेर आलो. पेटीचं दार अर्धं उघडं होतं आणि कुंकवाचा एक ओघळ भिंतीवर उतरला होता. तो पुसायला म्हणून मी दार लावायला गेलो. निशा, मला नक्की काय झालं ते मी आजही पदच्छेद करून सांगू शकत नाही. आधी वाटलं कोणीतरी मागून धक्का मारला. मग वाटलं हृदय. मग मी समोरच्या भिंतीला टेकलेला होतो आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते संस्कृत नव्हतं, मराठीही बेताचंच होतं. आई आतून म्हणाली, ‘काय रे, पेटीच्या पाया पडलास ना?’ आयुष्यात पहिल्यांदाच, आई. साष्टांग.

मी खाली मीटरजवळचा मेन बंद केला आणि काळुरामला फोन केला. पंखे बंद पडले. आई विचारायला लागली की आज सत्त्व कुठे गेलं. काळुराम आला तो नेहमीच्या थाटात: गळ्यात साखळी, बोटांत अंगठ्या, मनगटात कडं, आणि खिशात टेस्टर. पेटीला हात लावण्याआधी त्याने हे सगळं सोनं एकेक करून उतरवलं आणि आईच्या पदरात घातलं. (आईला वाटलं, पेटीला दक्षिणा.) ‘सोन्यावर करंटचा लय जीव असतो, आजी,’ असं म्हणाला, पुढचं झाकण सोडवलं आणि आत डोकावला. मग हळूच म्हणाला, ‘मास्तर, यो काय बाग लावलाय?’

आत सगळी बाग होती. वाळलेले झेंडू, काळ्या पडलेल्या दुर्वांच्या जुड्या, आणि सर्वांत वर आजची जुडी, ओली. त्यांच्या मागे तांब्याची एक पट्टी, जिच्यावरून सगळ्या स्विचांना वीज मिळते. काळुरामने मला समजावलं, आणि मी तुला त्याच शब्दांत समजावतो, कारण हे त्या वेळी मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं: पुढचे सगळे छोटे स्विच खाली पाडले तरी मेन चालू असेपर्यंत ती पट्टी जिवंत असते. तिच्यावर कसलंही कातडं नसतं, नागडं तांबं. तिच्या आणि आपल्या बोटाच्या मध्ये फक्त ते झाकण, आणि झाकणाला जिथे भोक तिथे काहीच नाही. आईची दुर्वांची जुडी एका टोकाने पट्टीला आणि दुसऱ्या टोकाने पेटीच्या पत्र्याला टेकलेली. पत्र्याची अर्थिंगची तार मागे रंगकाम झालं तेव्हा कोणीतरी सोडवली आणि परत जोडलीच नाही, तीही तिथेच लोंबत होती. म्हणजे ओल्या दुर्वा वीज थेंबाथेंबाने पत्र्यावर आणत होत्या, आणि आई रोज सकाळी ओल्या बोटाने तिथे कुंकू लावत होती.

‘नि आजींना काय झालं नाय?’ काळुराम विचारत होता. ‘उभ्या कशावर राह्यच्या?’

मी स्टुलाकडे बघितलं. मग मी पाटाबद्दल सांगितलं. सुकं सागवान, जाड, पायाखाली. काळुराम म्हणाला, ‘पाटानं वाचवलं बगा त्यांना.’ आईने पदरातलं सोनं सांभाळत माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मी इथे वर्णन करणार नाही. पुण्याई सिद्ध झाली होती. (स्टुलाच्या पायांना रबराची बुचं होती, तीन पायांना. चौथं कधीतरी गळून पडलं असावं. त्या तीन बुचांना मी रात्री मनातल्या मनात नमस्कार करतो.)

काळुरामवर मी चिडायला हवं होतं. चिडलो नाही, कारण ‘डमी लावतो’ हे तो जितका विसरला तितकाच मी विचारायचं विसरलो, आणि तोच फार ओशाळला होता. आईच्या हातचा चहा घ्यायलाही तयार होईना. आईने त्याला दरडावलं, ‘बस गप. पुण्याईने निभावलंय.’ मग बसला.

अर्थिंग त्याने लगेच जोडलं, ज्याला सगळे ईएलसीबी म्हणतात ते यंत्रही मागवलं (कोणाच्या अंगातून वीज जायला लागली की ते स्वतःहून तोडतं, माणसांत असा गुण दुर्मीळ). पण डमी! निशा, बिस्किटाएवढा प्लास्टिकचा तुकडा. तो मिळेपर्यंत मेन बंद ठेवावा तर आईच्या इन्सुलिनचा फ्रिज बंद, चालू ठेवावा तर पेटीचं तोंड उघडं. काळुरामने तात्पुरतं श्रीखंडाच्या डब्याचं झाकण कापून चिकटपट्टीने बसवलं. मी त्याच्यावर मोठ्या अक्षरांत ‘हात लावू नये’ असं लिहून कागद चिकटवला. संध्याकाळी पाहतो तर कागदावर कुंकू. ‘अक्षर म्हणजे सरस्वती,’ आई म्हणाली, ‘तूच शिकवलंस.’

पेटी जुनी, कंपनीने ते मॉडेल बंद केलेलं. डोंबिवलीत एका दुकानात हितेशभाई नावाचे गृहस्थ म्हणाले, ‘एक डमी? सर, अख्खा बोर्ड घेऊन जा ना, आतमध्ये डमी फ्री.’ मी म्हटलं भिंत फोडावी लागेल. म्हणाले, ‘मग भिंतीचं पण बघू.’ कल्याणला एकाने मला फ्रिजची डमी, टेबलाची डमी, असं बरंच काही दाखवलं. मोहन्याला काळुरामच्या ओळखीचं जुनं दुकान होतं, तिकडे आम्ही त्याच्या त्या अजस्र गाडीतून गेलो. वाटेत त्याने मला आगरी गाणी ऐकवली आणि मी त्याला संस्कृतातले संधी समजावले, दोघांनीही सौजन्याने ऐकून घेतलं. दुकानदार जेवायला गेलेला होता. तासाभराने आला आणि म्हणाला, ‘अरे, हा माल मी कालच फेकला.’

शेवटी मिळाली ती कुठे, तर नौपाड्यात. तुझ्या घराच्या दोन इमारती पलीकडे. तुझ्या पुढच्या गॅलरीत तू वाळत घातलेली सुश्रुतरावांची लुंगीसुद्धा मला दिसत होती. दोन हव्या होत्या, मी डम्यांची अख्खी पट्टीच घेतली. आणि वर न येता परत गेलो. तुझ्या शेजारच्या समृद्धीने मला पाहिलं आणि तुला सांगितलं, त्यावरून तू मला जो मेसेज केलास (‘आता नौपाड्यात येऊनही लोक तोंड दाखवत नाहीत’) त्याला मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. ते चित्र म्हणजे उत्तर नव्हतं. मी वर आलो असतो तर तू माझं तोंड पाहिलं असतंस, आणि मला ते दाखवायचं नव्हतं.

असो. डम्या बसल्या. पेटी आता बाहेरून सपाट, आतून साफ, दाराला कडी. ईएलसीबी बसवल्यावर काळुरामने चाचणीचं बटण दाबून दाखवलं, घरातलं सगळं एका क्षणात गेलं आणि आई म्हणाली, ‘बघ, देवाने डोळे मिटले.’ तिची तक्रार अशी की आम्ही पेटीचं तोंड बंद केलं; नैवेद्य कुठून द्यायचा? दोन दिवस अबोला झाला. शेवटी तिनेच तोडगा काढला. यापुढे पेटीला फूल नाही, कुंकू नाही, पाणी तर नाहीच; फक्त दसऱ्याला, सुक्या हाताने, लांबून अक्षता. मी म्हटलं, एवढ्या लांबून कशा पोचतील? ती म्हणाली, ‘लग्नात पोचतात ना? मग!’ (मला लग्नाचा अनुभव नाही, हे तिने पुढे जोडलं. जोडायची गरज नव्हती.)

तर असं सगळं व्यवस्थित झालं आहे. पाट तेवढा पाठव.

तुझा
दादा

ता.क. डब्याच्या झाकणाला आतून दोन डम्या चिकटवल्या आहेत. त्या लाडू नाहीत, सुश्रुतरावांना सांग. तुझ्याकडे चपलांच्या कपाटामागे जी पेटी आहे, जिच्यावर तू कॅलेंडर अडकवतेस, ते कॅलेंडर आजच्या आज काढून बघ. रांगेत फट असेल तर स्वतः काही करू नकोस, सुश्रुतरावांना तर मुळीच करू देऊ नकोस. वायरमन बोलाव, मेन बंद करून त्याच्याकडून बसवून घे, आणि अर्थिंग तपासायला सांग. हल्ली मी कोणाकडेही गेलो की चहाआधी पेटी बघतो. शाळेत स्टाफरूमची पाहिली. तिथे फटीत कोणीतरी बस पास ठेवला होता.

ता.क. २. पाट पाठवू नकोस. नीलला बसायला राहू दे. सुश्रुतरावांना पायही ठेवू देत.

ता.क. ३. हे मी वर लिहिलं नाही, कारण वर लिहिलं असतं तर पुढचं काही लिहिता आलं नसतं.

पेटी दुरुस्त झाल्यावर मी रोज आईला विचारत होतो, झिणझिण्या येतात का? ‘नाही रे, गेल्या,’ ती म्हणायची. मी खूश. म्हणजे त्या साखरेच्या नव्हत्याच, विजेच्या होत्या, डॉक्टर चुकले, असं मी ठरवून टाकलं. फार सोयीचं होतं.

दहा-बारा दिवसांपूर्वी संकष्टी होती. आईने तुझ्या गणपतीची तयारी म्हणून थोडे मोदक उकडून पाहिले. मी स्वयंपाकघरात गेलो तर मोदकपात्रातून वाफ येत होती आणि आईने त्याचं झाकण हातात धरलं होतं. फडकं न घेता. तसंच धरून ती मला विचारत होती, निशाकडे यंदा नारळ खवायला कोण आहे, मी दोन दिवस आधी जाऊ का? मी झाकण तिच्या हातातून घेतलं आणि माझ्या हातून ते खाली पडलं, इतकं तापलं होतं. ती हसली. ‘हात नाजूक रे तुझे,’ म्हणाली, ‘पुस्तकवाल्याचे.’ तिची बोटं लाल झाली होती. संध्याकाळी फोड आले. तिने ते माझ्याकडून ऐकल्यावर पाहिले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, आधी झिणझिण्या, मग बधिरपणा. ‘गेल्या’ म्हणजे हे. तिला डोंबिवलीच्या डॉक्टरांकडे परत न्यायचं म्हटलं तर ती ऐकत नाही, मला काही होत नाही म्हणते, आणि तिच्या दृष्टीने ते खरंच आहे. तुझं ऐकेल. तू गणपतीला तिला तिकडे नेशील तेव्हा तिथल्या चांगल्या डॉक्टरांना दाखव, आणि गणपती झाल्यावरही लगेच परत पाठवू नकोस. किंवा तूच इथे ये.

पेटीची भीती मला आता नाही, तिला झाकणं आहेत. मी सकाळी सातला शाळेत जातो आणि आई घरी एकटी असते. काही लागलं, भाजलं, टोचलं तरी तिचे हात आता तिला सांगणार नाहीत, आणि तेव्हा मी तिथे नसेन. मला याची भीती वाटते, निशा.